निरक्षर साक्षीदार

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपला एक निबंध आम्हांला वाचायला दिला. नव्वदेक वर्षांपूर्वी छापल्या गेलेल्या आणि आता दुर्मीळ झालेल्या एका कथासंग्रहातील कथेवर तो होता. गावकीच्या जाचाने गांजलेले एक जोडपे, त्यांच्याकडे पाठ फिरवलेले नातलग आणि शेवटी एका ओळीत उरकलेला निरोप, अशी ती कथा. 'पहाटेच ती गेली' या अखेरच्या वाक्यावर निबंधाचा सारा डोलारा उभा होता. नवऱ्यालाही मागे टाकून ही स्त्री एकटीने वेस ओलांडते आणि लेखक तिच्या कृतीचे ना समर्थन करतो ना निषेध. त्या काळात असा शेवट करणे ही केवढी धिटाई होती, असा निबंधाचा रोख होता. मांडणी नेटकी होती, भाषा संयत होती. निबंध आम्हांला आवडला. केवळ सवयीने आम्ही ग्रंथालयातून मूळ पुस्तक काढून ते पान पाहिले. तेथे छापले होते : 'पहाटेच तीं गेलीं.'

जुन्या शुद्धलेखनाशी परिचय असलेल्या वाचकाला या दोन अनुस्वारांचे महत्त्व सांगायला नको. 'ती' म्हणजे एक स्त्री. 'तीं' हे नपुंसकलिंगी अनेकवचन. स्त्री आणि पुरुष मिळून दोघांविषयी बोलायचे तर तेच वापरले जाई. म्हणजे पहाटे ते जोडपे गेले होते, एकटी स्त्री नव्हे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले, आणि त्यांच्याबरोबर 'ती' आणि 'तीं' यांतला डोळ्यांना दिसणारा भेदही गेला. विद्यार्थिनीने पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे फोनवर घेतली होती आणि ती एका संगणकीय आज्ञावलीला वाचायला दिली होती. आज्ञावलीने मजकूर झरझर उतरवून दिला, आणि उतरवता उतरवता तो आजच्या शुद्धलेखनातही आणला. कोणी तसे सांगितले नव्हते. आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. त्याच पानाच्या तळाशी कसरीने कागद खाल्ला आहे आणि तीनेक शब्द नाहीसे झाले आहेत. उतरवलेल्या मजकुरात त्या जागी तीन शब्द होते. वाक्यात चपखल बसणारे, लेखकाच्या शैलीला साजेसे, आणि पुस्तकात कोठेही नसलेले.

चूक विद्यार्थिनीची नव्हती. तिच्या हाती जो मजकूर आला त्याचे तिने प्रामाणिकपणे वाचन केले. आणि अनुस्वार गाळण्याचे काम यंत्रानेच सुरू केले असेही नाही. १९६२ नंतर निघालेल्या कित्येक पुनर्मुद्रणांत संपादकांनी आणि मुद्रितशोधकांनी तेच केले आहे. फरक इतकाच की त्यातल्या जबाबदार संपादकाने तसे प्रस्तावनेत नमूद केले. यंत्र काहीच बोलले नाही. या घटनेमुळे आमच्या मनात एक प्रश्न घर करून बसला : जुना मजकूर आपल्यासाठी 'पाहणाऱ्या' यंत्राला ती भाषा किती यावी?

प्रश्न विचित्र वाटेल. जितकी जास्त येईल तितके चांगले, असे कोणीही म्हणेल. परंतु मजकूर-वाचनाच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत जे सर्वांत गाजलेले संशोधन झाले, त्याने नेमके उलट उत्तर दिले आहे. ते संशोधन म्हणजे इटलीतील हर्क्युलेनियम येथील जळालेल्या ग्रंथांचे वाचन. त्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या. 'कृत्रिम बुद्धिमत्तेने दोन हजार वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचले' असे त्यांचे साधारण स्वरूप होते. या वाक्यातला 'वाचले' हा शब्द आम्हांला साफ चुकीचा वाटतो. तो का चुकीचा आहे हे समजून घेतले तर आपल्या वर्गातल्या त्या दोन अनुस्वारांचाही उलगडा होतो.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेईबरोबरच हर्क्युलेनियम हे समुद्रकाठचे गावही गाडले गेले. तेथील एका आलिशान वाड्यात मोठा ग्रंथसंग्रह होता. पपायरसच्या त्या गुंडाळ्या ज्वालामुखीच्या प्रचंड उष्णतेने क्षणात कोळसा होऊन गेल्या. आणि कोळसा झाल्यामुळेच कुजण्यातून वाचल्या. १७५०च्या सुमारास भुयारे खणत जाणाऱ्या मजुरांना तो वाडा सापडला आणि १७५२ पासून गुंडाळ्या बाहेर येऊ लागल्या. लहानमोठे तुकडे धरून अठराशेच्या वर क्रमांक आज त्यांच्या यादीत आहेत. ग्रीक-रोमन जगातला एवढा ग्रंथसंग्रह जागच्या जागी सापडल्याचे दुसरे उदाहरण नाही. अडचण एकच होती. गुंडाळी उलगडायला जावे तर तिचा भुगा होई.

आरंभीच्या काळात गुंडाळ्या सुरीने उभ्या चिरून आतले थर पाहण्याचा उद्योग झाला. वरच्या थरावरची अक्षरे कागदावर काढून घ्यायची, तो थर खरवडून टाकायचा, मग खालचा थर पाहायचा. म्हणजे प्रत्येक पान वाचण्याची किंमत ते पान नष्ट करणे ही होती. १७५३ साली व्हॅटिकनहून आलेल्या अंतोनियो पियाज्जो या धर्मगुरूने रेशमी धाग्यांच्या आधाराने गुंडाळी अतिशय सावकाश उलगडणारे एक यंत्र तयार केले. त्यातून पहिला ग्रंथ निघाला तो फिलोडेमस या एपिक्युरस-पंथीय तत्त्वज्ञाचा, संगीताविषयीचा. तो छापून प्रसिद्ध व्हायला १७९३ साल उजाडले.

या जुन्या इतिहासातली एक बारीकशी बाब आम्हांला फार मोलाची वाटते. उलगडलेल्या थरांवरची अक्षरे पाहून हुबेहूब चित्रे काढण्यासाठी नेपल्समध्ये चित्रकार नेमलेले असत. इंग्लंडच्या युवराजाने पाठवलेल्या जॉन हेटर याच्या देखरेखीखाली १८०२ ते १८०६ या काळात अशी शेकडो चित्रे तयार झाली; त्यांतली पुष्कळशी आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. या चित्रकारांपैकी बहुतेकांना ग्रीक भाषा येत नसे. त्यांना जे दिसे तेच ते काढत. अर्धवट अक्षर अर्धवट काढत, पुसट रेघ पुसट काढत, भोक असेल तेथे भोक दाखवत. मूळ थर अनेक ठिकाणी नाहीसे झाल्यामुळे पुढच्या काळात ही चित्रेच एकमेव पुरावा म्हणून उरली, आणि चित्रकाराचे अज्ञान हे त्या पुराव्याचे बळ ठरले. ग्रीक जाणणाऱ्या माणसाला अर्धे अक्षर पाहून पूर्ण शब्द सुचला असता आणि सुचलेला शब्द त्याने 'पाहिला' असता. न जाणणाऱ्याला तो मोहच नव्हता.

आता अलीकडच्या संशोधनाकडे येऊ. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांनी गुंडाळी न उलगडता ती क्ष-किरणांच्या साहाय्याने संगणकात उलगडण्याच्या तंत्रावर दोन दशकांहून अधिक काळ काम केले आहे. गुंडाळीचे सीटी स्कॅन करायचे, त्या घन प्रतिमेत पपायरसचा एकेक थर शोधून काढायचा, तो सपाट करायचा आणि त्यावर शाई कोठे आहे ते पाहायचे. मृत समुद्राच्या पश्चिम काठावरील एन-गेदी येथे १९७० मध्ये सापडलेल्या जळक्या गुंडाळीवर हा प्रयोग यशस्वी झाला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून ती गुंडाळी 'लेव्हिटिकस' या हिब्रू धर्मग्रंथाच्या आरंभीच्या भागाची असल्याचे जगाला कळले. तेथील शाई क्ष-किरणांत आपोआप उठून दिसत होती. हर्क्युलेनियमची शाई मात्र काजळीची होती, आपल्या पोथ्यांच्या पारंपरिक शाईसारखी. कोळसा झालेल्या पानावर काजळीची अक्षरे, दोन्ही कार्बनच. क्ष-किरणांना त्यांत जवळजवळ काहीच फरक दिसेना.

२०१९ मध्ये इंग्लंडमधील 'डायमंड लाइट सोर्स' या सिंक्रोट्रॉन केंद्रात दोन अखंड गुंडाळ्यांचे सुमारे ८ मायक्रॉन इतक्या सूक्ष्मतेचे स्कॅन झाले. डोक्याच्या केसाच्या जाडीचा हा साधारण दहावा हिस्सा. मार्च २०२३ मध्ये सील्स यांनी नॅट फ्रीडमन आणि डॅनियल ग्रॉस या उद्योजकांबरोबर ते स्कॅन सर्वांना खुले केले आणि 'व्हेसुव्हियस चॅलेंज' नावाची स्पर्धा जाहीर केली. त्याच वर्षी केसी हँडमर या स्पर्धकाने तासन् तास त्या प्रतिमा नुसत्या डोळ्यांनी न्याहाळून एक गोष्ट हेरली : काही ठिकाणी पृष्ठभागावर सुकलेल्या चिखलाच्या भेगांसारखी बारीक जाळी दिसते, आणि त्या जाळीचे आकार अक्षरांसारखे आहेत. ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ही जाळी ओळखायला यंत्राला शिकवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिला शब्द जाहीर झाला : 'पोर्फिरास', म्हणजे जांभळा रंग वा त्या रंगाचे वस्त्र. बर्लिनमध्ये संशोधन करणारा इजिप्तचा युसेफ नादेर वेगळ्या वाटेने त्याच शब्दापाशी पोहोचला होता. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी या दोघांना आणि झुरिकच्या युलियन शिलिगर याला ७ लाख डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. पंधरा स्तंभ, दोन हजारांहून अधिक अक्षरे. एका गुंडाळीचा सुमारे वीसावा भाग.

हे यश कसे मिळाले याच्या तपशिलात शिरले की आम्हांला जे सांगायचे आहे ते सापडते. शाई शोधणाऱ्या या यंत्राला ग्रीक येत नाही. त्याला ग्रीक वर्णमालाही माहीत नाही. स्कॅनचा एक अगदी चिमुकला तुकडा त्याच्यासमोर ठेवला जातो, एका अक्षराच्या आकाराहून पुष्कळ लहान. त्यावरून येथे शाई आहे की नाही, एवढेच ते सांगते. मग शेजारचा तुकडा, मग त्याच्या शेजारचा. असे हजारो होकार-नकार एकमेकांशेजारी मांडले की दूरून पाहणाऱ्याला अक्षर दिसते. यंत्राला ते कधीच दिसत नाही. ही त्याची दुर्बलता नव्हे, ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. यंत्राला मोठा तुकडा दिला असता आणि ग्रीक अक्षरांचे, ग्रीक शब्दांचे वळण शिकवले असते, तर त्याने निःसंशय अधिक स्पष्ट, अधिक देखणी पाने काढून दिली असती. पण त्या पानांवरचे अक्षर पपायरसवरून आले की यंत्राच्या शिकवणीतून, हे कोणालाही सांगता आले नसते. नेपल्सच्या चित्रकारांना ग्रीक येत नव्हते तो बहुधा योगायोग असेल. येथे तेच अज्ञान विचारपूर्वक घडवले गेले. साक्षीदार निरक्षर ठेवला गेला, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य धरता आली.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. यंत्र निरक्षर असले तरी त्याला शिकवणारी माणसे डोळस होती. ही भेग शाईची, ती नव्हे, असे सुरुवातीला माणसांनीच खुणा करून दाखवले, आणि त्या खुणा करताना त्यांच्या डोळ्यांसमोर अक्षरांचे आकार होतेच. म्हणजे भाषा मागच्या दाराने आत आलीच की! हे खरे आहे. संपूर्ण निष्पाप असा पाहणारा कोठेच नसतो. पण यावर उपाय आहे आणि तो साहित्यचिकित्सेला जुनाच परिचित आहे : स्वतंत्र साक्षी. दोन माणसांनी दोन वेगळ्या वाटांनी जाऊन तोच शब्द काढला, तेव्हा 'पोर्फिरास'वर विश्वास बसला. २०२५च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमधील एका गुंडाळीचे शीर्षक मिळाले, फिलोडेमसचा दुर्गुणांविषयीचा ग्रंथ असे ते होते. तेव्हाही वुर्ट्‌झबुर्ग विद्यापीठातील दोघे आणि आणखी एक संशोधक जवळजवळ एकाच सुमारास, परस्परांहून स्वतंत्रपणे, तेथे पोहोचले होते. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन पोथ्या एकच पाठ देतात तेव्हा त्या पाठाला वजन येते, हे पाठचिकित्सेतले पहिले सूत्रच येथे कामाला आले.

आणि 'वाचन' कोणी केले? नेपल्सच्या फेदेरिका निकोलार्दी आणि त्यांच्यासारख्या पपायरसतज्ज्ञांनी. यंत्राने दिलेल्या धूसर डागांतून कोणते अक्षर निश्चित, कोणते संशयास्पद, कोठे शब्द तुटतो, कोठे वाक्य फिरते, हे त्यांनी ठरवले. तेव्हा कळले की मुख्य पारितोषिक मिळवणाऱ्या त्या स्तंभांत सुखाची चर्चा आहे. जी वस्तू दुर्मीळ ती विपुल असलेल्या वस्तूपेक्षा अधिक सुख देते काय, असा प्रश्न लेखक खाण्यापिण्याच्या उदाहरणाने विचारतो आणि तसे आपण लगेच मानत नाही असे म्हणतो. लेखक बहुधा फिलोडेमसच. हाच फिलोडेमस साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांनाही ओळखीचा असायला हवा. कवितेचे मूल्य केवळ तिच्या नादावर ठरवणाऱ्यांशी त्याने कवितेविषयीच्या ग्रंथात वाद घातला आहे, आणि तोही याच वाड्यातल्या कोळशातून निघाला आहे. त्याचा एक भाग रिचर्ड जँको यांनी तुकड्यांची जुळवाजुळव करून २००० साली प्रसिद्ध केला. पारितोषिके डाग दाखवणाऱ्यांना मिळाली. डागांतून ग्रंथ उभा करणाऱ्यांचे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्याची बातमी होत नाही. म्हणून 'यंत्राने वाचले' हे वाक्य आम्हांला नुसते चुकीचे वाटत नाही, ते अन्यायाचेही वाटते.

याचा अर्थ भाषा जाणणाऱ्या यंत्रांना साहित्याभ्यासात जागाच नाही, असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात 'इथाका' नावाच्या प्रणालीविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. भग्न ग्रीक शिलालेखांतील गळालेली अक्षरे सुचवण्याचे काम ती करते. शिलालेखांच्या मोठ्या संग्रहावर शिकवलेली ही प्रणाली पुरती भाषाजाणकार आहे. चाचणीत एकट्या प्रणालीने ६२ टक्के अचूकता गाठली. इतिहासतज्ज्ञ नुसते स्वतः काम करत होते तेव्हा त्यांची अचूकता २५ टक्के होती आणि प्रणालीच्या सूचना हाताशी असताना ती ७२ टक्क्यांवर गेली. हे आकडे दोन गोष्टी सांगतात. यंत्राची मदत खरी आहे. आणि यंत्र अधिक माणूस ही जोडी एकट्या यंत्राहून श्रेष्ठ ठरली. याचे कारण आमच्या मते असे की इथाका एकच उत्तर देऊन मोकळी होत नाही. ती अनेक पर्याय त्यांच्या शक्यतेसह क्रमाने मांडते, आणि गळालेली जागा ही गळालेली जागा आहे हे आधीपासून उघड असते. येथे तर्क चालला आहे हे सर्वांना ठाऊक असते.

तेव्हा दोन कामे आहेत. एक पाहण्याचे, दुसरे तर्काचे. पहिल्याला भाषा जितकी कमी येईल तितके बरे. दुसऱ्याला जितकी अधिक येईल तितके बरे. आमच्या विद्यार्थिनीच्या आज्ञावलीत ही दोन्ही कामे एकाच पोटात, एकाच वेळी, एकमेकांत मिसळून झाली. जे दिसले ते आणि जे असायला हवे होते असे वाटले ते, एकाच अक्षरवळणात छापून आले. अनुस्वार दिसला होता, पण भाषेच्या ज्ञानाने तो चूक ठरवून पुसला. शब्द दिसले नव्हते, पण भाषेच्या ज्ञानाने ते भरले.

हा भेद सांभाळण्याची शिस्त साहित्याच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच घडवलेली आहे. १९३१ मध्ये लायडन येथे ठरलेल्या संकेतांनुसार ग्रीक-लॅटिन पपायरसांचे आणि शिलालेखांचे संपादक आपण पुरवलेला मजकूर चौकटी कंसात टाकतात आणि संशयास्पद अक्षराखाली बिंदू देतात. आपल्याला तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. वि. सी. सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत, जो पाठ संपादकाला पूर्ण निश्चित वाटत नाही त्याच्याखाली एक नागमोडी रेघ असते. आदिपर्वाचे कोणतेही पान उघडा, ती रेघ दिसेल. शेकडो हस्तलिखिते पडताळून, त्यांत हयात घालवलेले विद्वान त्या रेघेने वाचकाला सांगतात : येथपर्यंत आम्ही पाहिले, येथे आम्ही ठरवले. आणखी मागे गेलो तर शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांनीही पुढच्यांना बजावून ठेवले होते की मूळ पाठात कोणी स्वतःची ओवी घालू नये. स्वतः कवी असलेल्या माणसाने हा निर्बंध घालावा यात सारे आले. जो उत्तम ओवी रचू शकतो त्याच्यापासूनच पोथीला धोका अधिक असतो.

आज मराठीतली जुनी पुस्तके, मासिके, पोथ्या झपाट्याने स्कॅन होत आहेत, आणि स्कॅनमधून शोधता येईल असा मजकूर काढण्याचे कामही चालू आहे. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. दृष्टिहीन वाचकाला तो मजकूर ऐकता येतो, खेड्यातल्या विद्यार्थ्याला तो घरबसल्या मिळतो, संशोधकाला एखादा शब्द शंभर पुस्तकांत क्षणात शोधता येतो. या सोयीसाठी शुद्धलेखनाचे आधुनिकीकरणही गरजेचे असते. 'नांव' असे छापलेले 'नाव' असे शोधल्यावर सापडायला हवेच. आमची तक्रार सोयीविषयी नाही, सरमिसळीविषयी आहे. उद्या ही मूळ पुस्तके कसरीने संपली, किंवा ती पाहण्याची सवय संपली, तर गुळगुळीत केलेला मजकूर तेवढा उरेल. नेपल्सच्या चित्रकारांच्या जागी बुद्धिमान, ग्रीक जाणणारे, उत्साही चित्रकार असते तर फिलोडेमसचे आज काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या मजकुराच्या प्रत्येक डिजिटल संग्रहात तीन गोष्टी वेगवेगळ्या मिळाव्यात. पहिली, पानाची प्रतिमा. दुसरी, त्या प्रतिमेत जे आणि जसे दिसते तेच उतरवणारा मजकूर. जुने अनुस्वार, मुद्रणदोष, भोके यांसह, आणि भोक असेल तेथे भोकाची खूण. तिसरी, वाचनाच्या सोयीसाठी सुधारलेला मजकूर, ज्यात प्रत्येक भर आणि प्रत्येक बदल ओळखता येईल. यांतले दुसरे काम ज्या यंत्राकडे द्यायचे त्याने मराठी 'जाणू' नये, निदान आपल्या जाणतेपणाचा हात त्या कामाला लावू नये. ही अशक्य कोटीतली मागणी नाही. कोळशावरची काजळी शोधण्याइतके कठीण काम या शिस्तीत राहून होऊ शकते, तर छापील देवनागरीचे का होऊ नये?

आणि अभ्यासक्रमांविषयी. पाठचिकित्सा हा विषय कित्येक ठिकाणी 'जुन्या पोथ्यांचे काम' म्हणून एखाद्या घटकापुरता उरला आहे किंवा तोही राहिलेला नाही. आमच्या मते त्याची गरज आज जितकी आहे तितकी छापखाना आल्यापासून कधी नव्हती. लहियाच्या हातून होणारे प्रमाद आपल्याला ओळखता येत, कारण ते वाक्यात खटकत. नव्या लहियाचे प्रमाद खटकत नाहीत. ते मूळ वाक्याहून सफाईदार असतात. त्यांना पकडायचे तर मजकूर कोठून आला हे विचारण्याची सवय लागते, आणि ती सवय साहित्याच्या वर्गात लागली नाही तर दुसरीकडे कोठे लागेल असे आम्हांला वाटत नाही.

आम्ही आता नव्या वर्गाला पहिले काम हेच देतो. जुन्या पुस्तकाचे एक पान घ्या, यंत्राकडून उतरवून घ्या, आणि मूळ पानाशी अक्षर-अक्षर ताडून प्रत्येक फरकाची नोंद करा. कोणता फरक न दिसल्यामुळे झाला आणि कोणता जास्त कळल्यामुळे झाला, हे वेगळे लिहा. मुले सुरुवातीला कंटाळतात. दुसऱ्या पानापासून कंटाळा जातो.

त्या विद्यार्थिनीने निबंध पुन्हा लिहिला. आता तो एकट्या स्त्रीच्या धिटाईविषयी नाही; ज्या जगात दोघांनी मिळून निघून जाणे हेही एका अनुस्वारात उरकले जाते, त्या जगाविषयी आहे. पहिल्याइतका तो दिपवणारा नाही, पण कथेच्या अधिक जवळ गेला आहे. पानाच्या तळाच्या त्या तीन शब्दांसाठी तिने त्या पुस्तकाची दुसरी प्रत दोन ग्रंथालयांत शोधली. मिळाली नाही. निबंधात ते वाक्य उद्धृत करताना तिने तेथे चौकटी कंस घातला आणि तो रिकामा ठेवला.